एअर पिस्तुलावर कस्टम कामाचा खर्च: गुण वाढतात की फक्त बिल?

दहामीटर
स्पर्धांचा हंगाम जवळ आला की नेमबाजीच्या रेंजवर पालक विचारायला लागतात, "सर, पिस्तूल कुठलं घेऊ?" आता त्याला शेपूट जोडलं गेलंय, "आणि कस्टम करून घेऊ का?" म्हणजे जर्मनीहून मापाची अक्रोडाची ग्रिप, बदललेला ट्रिगर, वेगळी वजनं, निवडून घेतलेली नळी. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ या कंपन्यांचं वरच्या श्रेणीतलं एअर पिस्तूल आपल्याकडे साधारण दोन लाखांच्या घरात जातं. वरचा खर्च निराळा. कोल्हापूर-सांगलीकडची कितीतरी घरं हे पैसे कर्ज काढून उभे करतात, म्हणून हा विषय इथे काढतोय.

माझं मत सरळ आहे. नळी आणि यंत्रणेवर जादा पैसा घालणं म्हणजे पैसा पाण्यात. हिशेब बघा. एअर पिस्तूल 10 मीटरवरून झाडतात, आणि त्या कार्डावर दहाचं, म्हणजे पूर्ण गुणांचं, वर्तुळ 11.5 मिमीचं असतं. छर्रा 4.5 मिमीचा, आणि त्याची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतो. म्हणजे छर्र्याचा मध्य 16 मिमीच्या वर्तुळात कुठेही पडला तरी पूर्ण गुण. नव्या पिस्तुलाच्या पेटीत कारखान्याचं चाचणीचं कार्ड येतं. पिस्तूल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळून झाडलेले छर्रे एकाच जागी गेलेले असतात आणि ते भोक एका छर्र्याच्या भोकापेक्षा जेमतेम मोठं दिसतं. पोराचे सात-आठ जिथे पडतात ती चूक पिस्तुलाची नसतेच. आठ मारणाऱ्या हाताला आणखी अचूक नळी देऊन काय होणार?

ग्रिपचं मात्र वेगळं. तिथे पैसा लावा, पण किती आणि कधी, हा खरा प्रश्न.

लक्ष्य_सांगली
दादा, तुमचा हिशेब पात्रता फेरीपुरता बरोबर. अंतिम फेरीचं काय? तिथे दशांशात गुण मोजतात, 10.0 आणि 10.9 यांत मिलिमीटरांचा फरक. पॅरिस 2024 ला मनू भाकरचं 221.7 वर कांस्य झालं, आणि ती बाहेर पडली तेव्हा रौप्यवाल्या किम येजीपेक्षा फक्त 0.1 ने मागे होती. एक दशांश! अशा ठिकाणी "कारखान्याचं चालतंय की" म्हणणं मला पटत नाही.

मी स्वतः राष्ट्रीय पातळीवर खेळले आहे. ट्रिगरचा पहिला टप्पा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे बोटाला दर वेळी एकाच जागी जाणवलं पाहिजे. शॉट सुटल्यावर नळी किती उचलली जाते, पुन्हा कुठे येऊन थांबते, हे सगळं मनावर परिणाम करतं. साठ शॉट, सव्वा तास. पन्नासाव्या शॉटला खांदा बोलायला लागतो तेव्हा वजनाचा तोल दहा-वीस ग्रॅमने इकडचा तिकडे असला तरी कळतो. हे कार्डावरच्या भोकात दिसत नाही.

दहामीटर
ताई, तोल आणि ट्रिगर यांना माझा विरोध नाहीच. पण ते बदलायला कस्टम काम कशाला हवं? वरच्या श्रेणीच्या प्रत्येक पिस्तुलात ट्रिगरची जागा, कोन, पहिल्या टप्प्याचं वजन, थांबा, सगळं एका ॲलन कीने जुळवता येतं. वजनं पेटीतच येतात किंवा सुटी मिळतात. नियमाने ट्रिगर ओढायचं वजन 500 ग्रॅमच्या खाली चालत नाही आणि पूर्ण पिस्तूल 1500 ग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. या चौकटीत जे करायचं ते कारखान्याने करून ठेवलंय. बऱ्याच मुलांनी तो स्क्रू कधी फिरवलेलाही नसतो आणि पालक नव्या ट्रिगरची किंमत विचारत असतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि 0.1 चं म्हणाल, तर तो हाताचा दशांश आहे. उत्तम नेमबाजाचाही होल्ड, म्हणजे नेम धरताना हात जेवढा हलतो ते, चाचणी-कार्डावरच्या भोकापेक्षा मोठा असतो.

टेक्सासकर
इथे अमेरिकेत हाच वाद 1911 पिस्तुलावरून चालतो, म्हणून दोन शब्द. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन 1911 साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलं. कारखान्याचं चांगलं 1911 हजार डॉलरच्या आत-बाहेर मिळतं. विल्सन कॉम्बॅट किंवा नाइटहॉक या कस्टमवाल्यांचं घ्यायला गेलात तर तीन-चार हजारांपासून पुढे. दोघंही आर्कान्सामधल्या बेरीव्हिल या एकाच छोट्या गावातले. नाइटहॉकमध्ये एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर घडवतो.

तो पैसा कुठे जातो ते मी जवळून पाहिलंय. स्लाइड (वरचा सरकणारा भाग) आणि फ्रेम (खालचा सांगाडा) मुद्दाम किंचित घट्ट ठेवतात, मग बारीक पेस्ट लावून एकमेकांवर घासत घासत बसवतात. नळीचं मागचं टोक आणि खालचे खोबणीचे भाग कानस मारून असे जुळवतात की प्रत्येक शॉटनंतर नळी त्याच जागी बंद व्हावी. मूळ सैनिकी पिस्तुलात एकाचा भाग दुसऱ्याला बसावा, चिखलातही चालावं, म्हणून सगळं थोडं ढिलं असायचं.

आता ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धा घ्या. 50 यार्डांवरून एका हाताने. दहाचं वर्तुळ सव्वातीन इंचांपेक्षा थोडंसंच मोठं. साधं कारखान्याचं 1911 टेकूवर ठेवून झाडलं तरी त्या अंतरावर गोळ्या बऱ्याचदा त्याच्या बाहेर पसरतात. तिथे हात कितीही स्थिर असो, पिस्तूलच गुण खातं. म्हणून "कस्टम म्हणजे पैसा पाण्यात" हे सरसकट वाक्य मला चुकीचं वाटतं.

दहामीटर
टेक्सासकर, तुम्ही माझ्याच मुद्द्याला धार लावलीत. पिस्तुलाच्या गोळ्यांचा पसारा दहाच्या वर्तुळापेक्षा मोठा असेल तर पैसा द्यायलाच हवा. कॅम्प पेरीला तसं होतं, 10 मीटरला होत नाही. आमच्या पोरांना तुमच्या खेळाचं उत्तर लावू नका, एवढंच.

भोसरीचा_फिटर
मी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय, म्हणून थोडा विरोध नोंदवतो, दोघांनाही. हाताने घासून बसवलेलं ते चांगलंच, हा समज जुन्या यंत्रांच्या काळातला. आज चांगल्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं काम रोज होतं. कारागिराचा हात तिथे लागतो जिथे यंत्राने काम ढिलं सोडलंय. त्यामुळे "कारागिराने घडवलं" याचे पैसे देताना विचारा, नेमकं काय बसवलं आणि मोजमाप काय आलं? उत्तर नसेल तर ते पॉलिशचे पैसे.

आणखी एक. जितकं खास काम, तितकी दुरुस्ती अवघड. 2021 मध्ये टोकियोत मनूच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला, बराच वेळ गेला, आणि ती 600 पैकी 575 वर बाराव्या क्रमांकावर राहिली. सगळ्या जगाची मदत जवळ असताना ही गत. जिल्हा स्पर्धेत तुमच्या खास पार्टचा सुटा भाग कोण देणार? कारखान्याच्या पिस्तुलाचं सील, ओ-रिंग शेजारच्या लेनवाला तरी देईल.

लक्ष्य_सांगली
सुट्या भागांचं पटलं. पण ग्रिपवर कुणी नीट बोलतच नाहीये, आणि माझ्या मते खरा कस्टमचा विषय तिथेच आहे. कारखान्याची ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. माझा तळवा रुंद, बोटं आखूड. मध्यम घेतली तर बोट ट्रिगरवर तिरकं पडायचं, लहान घेतली तर तळव्याखाली पोकळी. मी मापाची ग्रिप मागवल्यावर डावीकडे जाणारे शॉट थांबले. आयात-ड्युटी धरून तेव्हा खिशाला जड गेली, तरी पुन्हा तेच करेन.

एका_मुलीचा_बाबा
माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. क्लबचं पिस्तूल वापरते, आता स्वतःचं घ्यायचंय. 10 मीटरच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, एवढा एक त्रास वाचला. पण वरचं सगळं वाचून गोंधळ वाढला. ताई म्हणतात ग्रिप मागवा, सर म्हणतात किती आणि कधी ते बघा. नक्की काय करू?

दहामीटर
थांबा. मुलीचा हात अजून वाढतोय. आज मागवलेली मापाची ग्रिप दीड-दोन वर्षांत आखूड पडेल. चांगल्या अवस्थेतलं वापरलेलं पिस्तूल बघा, फक्त हवेच्या सिलिंडरवरची तारीख तपासा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि नवा स्वस्त नसतो.

ग्रिप घरीच जुळवता येते. तळव्याला काजळ लावायचं, पिस्तूल नेहमीसारखं धरायचं, सोडायचं. जिथे काळं उमटलं नाही तिथे पोकळी. तिथे लाकडाचा बारीक भुसा आणि अरल्डाइट कालवून भरायचं, वाळलं की कानस आणि पॉलिश पेपर. जिथे रुततं तिथे घासायचं. एकदम घाई नको, थोडं करा, आठवडाभर सराव करा, मग पुढचं. तपासणी सोपी आहे: डोळे मिटून हात उचलायचा, श्वास स्थिरावू द्यायचा, डोळे उघडायचे. पुढची साईट मागच्या खाचेत आपोआप मधोमध उभी असली पाहिजे. एका बाजूला कलली असेल तर मनगटाने सरळ करायला लावू नका, ग्रिप दुरुस्त करा.

लक्ष्य_सांगली
पद्धत बरोबर आहे, मीही अशीच शिकले. पण बाबा, एक सांगते. भरत भरत ग्रिप फुगते, आणि तपासणीच्या वेळी पिस्तूल 420 × 200 × 50 मिमीच्या पेटीत बसावं लागतं. तळहाताचा टेकू वर वळून हाताला कवटाळत असेल तरी अडवतात. घरच्या कामात या दोन चुका हमखास होतात, मापाच्या ग्रिपवाले त्या आधीच टाळतात. ती अठराची झाली, हात थांबला, स्कोअर 560 च्या वर स्थिरावला, की मात्र मागवा. तेव्हा दादांचं ऐकून भुशावर काढू नका.

दहामीटर
560 ला मीही मागवायलाच सांगेन. नळी तेव्हाही नाही.

भोसरीचा_फिटर
50 मिमीचं गेज ॲक्रिलिकच्या पट्टीचं घरीच करता येतं. दोन पट्ट्या, मध्ये बरोबर 50 चे स्पेसर. कुणाला हवं असेल तर ड्रॉइंग टाकतो.

एका_मुलीचा_बाबा
टाका काका, मला हवंय. रविवारी क्लबमधलं मध्यम मापाचं पिस्तूल आणि काजळ घेऊन बसतो तिच्याबरोबर.