टाचदुखीवर शॉकवेव्ह: पाच सिटिंगचं पॅकेज घ्यावं का?

स्नेहल_दादर
आई ६१ वर्षांची आहे. उजवी टाच आठ महिने दुखतेय. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं फार त्रासाची, मग जरा बरं वाटतं, आणि स्टेशनचा पूल चढला की परत तेच. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसतंय. मधुमेह आहे, इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी गोळी) रोज चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं, उपयोग नाही. आता जवळच्या क्लिनिकमध्ये शॉकवेव्हचं पाच सिटिंगचं पॅकेज सांगतायत, त्याने वाढलेलं हाड फुटून जातं म्हणे. खरंच फुटतं का? आणि हा करंट मधुमेहात चालतो का?

फिजिओ_मुलुंड
ताई, हाड फुटत नाही आणि यात करंटही नसतो. शॉकवेव्ह म्हणजे दाबाची लाट. १९८० मध्ये म्युनिकला याच तंत्राने मूतखडे फोडायला सुरुवात झाली, तिथून हा 'हाड फोडण्याचा' समज आलाय. दुखणं पूर्ण गेलेल्या पेशंटच्या एक्स-रेत ते टोक जसंच्या तसं असतं. मुळात दुखतं ते टोक नव्हे, तळव्याचा जाड पडदा (प्लांटर फॅशिया) जिथे टाचेच्या हाडाला चिकटतो ती जागा. लाटांच्या माऱ्याने तिथल्या वेदनेच्या नसा मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि रेंगाळलेली दुरुस्ती पुन्हा सुरू होते. म्हणूनच गुण यायला वेळ लागतो. शेवटच्या सिटिंगनंतर बारा आठवडे होईपर्यंत निकाल लावू नका.

पहिली अडचण इंजेक्शनची. स्टेरॉइडनंतर सहा आठवडे तरी थांबतात, कारण तोवर पडदा कमकुवत असतो. म्हणजे अजून तीन आठवडे पैसे भरूच नका. इकोस्प्रिन ७५ बहुतेक ठिकाणी अडसर धरत नाहीत, जागा काळीनिळी पडू शकते एवढंच. ती परस्पर बंद करू नका. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं जास्त जोराचं औषध असतं तर गोष्ट वेगळी होती. मधुमेहात खरा प्रश्न संवेदनेचा. मारा किती सोसवतो हे पेशंटच सांगतो, त्यावरच दाब ठरतो. तळवा बधिर असेल तर तो अंदाजच येत नाही. आधी दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) तळपाय तपासून घ्या. गरोदरपण, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल तर हे करतच नाहीत.

सिटिंग साधारण असं असतं: पेशंट पालथा, पाऊल पलंगाबाहेर. अंगठ्याने दाबून नेमकी दुखरी जागा शोधायची, बहुतेकदा टाचेच्या आतल्या बाजूला पुढे. पेनाने खूण, मग भरपूर जेल. मध्ये हवा राहिली की लाट कातडीवरूनच परत फिरते आणि आत काही पोचत नाही. दीड-दोन बारपासून (बार म्हणजे मशीनमधल्या हवेच्या दाबाचं माप) सुरू करून पहिल्या तीनेकशे ठोक्यांत हळूहळू वाढवायचं. एकूण २००० ठोके, ८ ते १० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ८ ते १० ठोके. १० हर्ट्झला हे ३ मिनिटं २० सेकंदांत संपतं, त्यामुळे 'एवढ्यात झालं?' म्हणून भांडू नका. आठवड्यातून एकदा, तीन वेळा. पाचाचं पॅकेज आधीच का विकतात ते त्यांनाच विचारा. तिसऱ्यानंतर बघून ठरवता येतं.

भूल देऊ नये. दुखतं, पण सोसवेल इतकं. जागा बधिर केली की परिणामही कमी होतो आणि नेमकी जागाही सापडत नाही. नंतर दोन दिवस लांब चालणं टाळा. दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या त्या काळात नकोत, कारण ज्या प्रक्रियेला चालना दिली तीच त्या दाबतात, असं बरेच जण मानतात.

बायोमेड_साकीनाका
मशीनबद्दल थोडं. क्लिनिकमध्ये बहुधा रेडियल असतं: कॉम्प्रेस्ड हवेने नळीत छोटी धातूची गोळी धावते आणि पुढच्या टोकावर आपटते. याचा जोर कातडीपाशी सर्वात जास्त, आत तीन-चार सेंटिमीटरनंतर फारसा उरत नाही. टाचेला तेवढं पुरतं. फोकस्ड मशीनची लाट खोलवर एका बिंदूत एकवटते, तिचा जोर मिलिज्यूल प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. बार आणि मिलिज्यूल यांची तुलना करत बसू नका.

स्क्रीनवरचे बार म्हणजे हवेचा दाब, टाचेवर पोचलेला मार नव्हे. गोळी, नळी आणि ओ-रिंग झिजल्या की आकडा तोच राहतो आणि ठोका मऊ पडतो. हँडपीसचं किट कंपनीनुसार साधारण दहा ते वीस लाख ठोक्यांनंतर बदलावं लागतं. रोज दहा पेशंट, प्रत्येकी २०००, म्हणजे दिवसाला वीस हजार, पन्नास कामाच्या दिवसांत दहा लाख! इतक्या लवकर कोणी बदलत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी 'मशीनचा काही फरक पडला नाही' ऐकू येतं. ठोके मोजणारा काउंटर दाखवा म्हणून सरळ विचारा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत कॉम्प्रेसरमध्ये पाणी साचतं, ते रोज काढलं नाही तर हँडपीस आतून गंजतो.

स्नेहल_दादर
धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. मामांच्या खांद्यात कॅल्शियम साचलंय, त्यांनाही याच मशीनवर बसवलं तर?

ऑर्थो_परळ
खांद्याच्या कॅल्शियमला फोकस्डच घ्या, तेही जास्त जोराचं आणि सोनोग्राफी किंवा एक्स-रेने गाठीवर नेम धरून. रेडियल तिथे तोकडं पडतं. खांदा अचानक असह्य दुखू लागला असेल तर कॅल्शियम आपोआप विरघळत असण्याची शक्यता असते, तेव्हा मारा करू नये. आधी ताजा एक्स-रे. मोडल्यावर न जुळलेल्या हाडावरचं शॉकवेव्हचं काम याहून जास्त जोराचं, ते भूल देऊन हॉस्पिटलमध्येच करतात.

आईंच्या बाबतीत एक तपासा: टाच दोन्ही बाजूंनी तळव्यांमध्ये धरून दाबली की कळ येते का? येत असेल तर बारीक फ्रॅक्चर असू शकतं. रात्री झोपेत जळजळ किंवा मुंग्या असतील तर घोट्याजवळ नस दबलेली असू शकते, शिवाय मधुमेहाची न्यूरोपथी (नसांची हानी) हीसुद्धा शक्यता आहेच. नसेच्या या दोन्ही दुखण्यांत शॉकवेव्ह म्हणजे पैसे वाया.

फिजिओ_मुलुंड
आणि हे तीन आठवडे नुसते बसून घालवू नका. सकाळी अंथरुणातच बोटं हाताने मागे ओढून तळवा ताणायचा, १० सेकंद, १० वेळा, पाऊल जमिनीला टेकवण्याआधी. दिवसातून तीनदा. दिवसाआड पायरीवर टाच उचलायचा व्यायाम: बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, ३ सेकंद वर, २ थांबा, ३ खाली. बाराचे तीन सेट, बारावा जेमतेम जमेल इतकं वजन. हे माप मूळ व्यायामाचं, या वयात सुरुवात दोन्ही पायांनी, कठड्याला धरून आणि वजनाशिवाय. दोन आठवड्यांनी वजन वाढवून दहाचे चार. शॉकवेव्ह सुरू झाल्यावरही हे चालूच ठेवा, फक्त सिटिंगच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. घरात गार फरशीवर अनवाणी फिरणं मात्र आजपासून बंद, मऊ चप्पल घाला. मधुमेहात ते तसंही हवंच.