कथेचा पहिला खर्डा झाला, पण पुनर्लेखनाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

गेली काही वर्षे मी कथा लिहीत आहे, पण अजून एकही कथा कुठे पाठवलेली नाही, कारण प्रत्येक कथा पहिल्या खर्ड्यापाशीच अडते. सध्याची कथा सुमारे ६,२०० शब्दांची आहे. वडिलांच्या निधनानंतर बहीण आणि भाऊ त्यांचे घर रिकामे करण्यासाठी तीन दिवस एकत्र राहतात आणि वस्तूंची वाटणी करता करता दोघांमधला जुना दुरावा वर येतो, एवढाच तिचा विषय आहे. हा खर्डा मी आठ वेळा तपासला. दर वेळी पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली, शब्द बदलले, विशेषणे कमी केली, शुद्धलेखन सुधारले. पहिली दोन पाने आता नीटनेटकी झाली आहेत, पण कथा होती तिथेच आहे. मध्यावर कंटाळा येतो, शेवट पटत नाही आणि दोष नेमका कुठे आहे ते सापडत नाही. आपण पुनर्लेखनाला कुठून सुरुवात करता, आणि कथा पूर्ण झाली हे कशावरून ठरवता?

प्रतिसाद १

आपण आठही वेळा वाक्ये तपासलीत, कथा तपासायची राहून गेली, असे मला आपला प्रश्न वाचून वाटते. घासूनपुसून लखलखीत केलेले वाक्य खोडायला हात धजत नाही, आणि म्हणून जो प्रसंग कथेत मुळातच नको होता तोही केवळ चांगला लिहिला गेल्यामुळे टिकून राहतो. मी स्वतः एका कथेतले पावसाचे दीड पानी वर्णन चार खर्ड्यांपर्यंत सांभाळले होते. ते काढल्यावर कथेचे काहीही बिघडले नाही, हे मला फार उशिरा कळले.

खर्डा दोन-तीन आठवडे नजरेआड ठेवावा आणि मग कागदावर छापून, हातात पेन न घेता, एका बैठकीत वाचावा. त्यानंतर कोऱ्या कागदावर प्रत्येक प्रसंगासाठी एकच ओळ लिहावी: या प्रसंगाआधी दोघांमध्ये काय होते आणि प्रसंगानंतर काय बदलले. ज्या प्रसंगासाठी ही ओळ लिहिताच येत नाही, तो प्रसंग काढावा किंवा दुसऱ्यात मिसळावा. आपली कथा मी वाचलेली नाही, तरी तीन दिवसांची रचना ऐकून शंका येते ती अशी की, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचेच भांडण वेगळ्या वस्तूवरून पुन्हा होत असावे; तसे असेल तर मध्यावर येणाऱ्या कंटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

शेवट पटत नाही तेव्हाही दुखणे बहुधा आधीच्या पानांत असते. समजा, शेवटी बहीण वडिलांचे घड्याळ भावाला देऊन टाकते. ते घड्याळ तिला किती हवे होते हे वाचकाला आधी जाणवलेले नसेल, तर त्या देण्याला वजन येणार नाही. अशा वेळी शेवटचा परिच्छेद कितीही वेळा लिहिला तरी उपयोग होत नाही. दुरुस्ती पहिल्या दिवसाच्या प्रसंगात करावी लागते. त्याबरोबरच ही कथा कोणाच्या नजरेतून घडते तेही पाहावे. निवेदन बहिणीच्या जवळून चालत असताना एखाद्या परिच्छेदात भावाच्या मनातले विचार आले असतील, तर त्या एका निसटत्या जागेमुळेही ताण सैल पडतो. हे सारे बसल्यावर संवाद, त्यानंतर वाक्ये आणि अगदी शेवटी शुद्धलेखन, हा क्रम मी कटाक्षाने पाळते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बराच सहमत आहे, परंतु वाक्ये शेवटी, हे मला जमत नाही, कारण कथा कशाबद्दल आहे हे मला वाक्ये लिहितानाच उमगते. म्हणून पहिला खर्डा शेजारी ठेवून मी संपूर्ण कथा नव्या फाइलमध्ये पुन्हा लिहून काढतो, जुना मजकूर उचलून चिकटवत नाही. जो परिच्छेद पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येतो, तो वाचकालाही कंटाळवाणा होणार हे त्याच क्षणी कळते.

आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे भूतकाळातल्या निवेदनात सलग पाच-सहा वाक्ये ‘होता’, ‘होती’, ‘होते’ यांवर संपतात आणि लय बोथट होते. डोळ्यांना हे दिसत नाही, कानाला लगेच खटकते. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर आपली वाक्ये अक्षरशः ओरडून वाचून पाहत असत. तेवढे नाही तरी मोठ्याने वाचन अवश्य करावे. ‘तिला वाटले की’, ‘तिच्या लक्षात आले की’ असे शब्द जिथे जिथे आहेत तिथे ते काढून पाहावेत, बहुतेक ठिकाणी वाचक पात्राच्या अधिक जवळ जातो. निवेदनात एकीकडे ‘केले’ आणि दुसरीकडे ‘केलं’ अशी सरमिसळ झाली असेल, तर एकच रूप ठरवून घ्यावे. संवादांत मात्र बोलीचे रूप मोकळेपणाने येऊ द्यावे, नाहीतर सख्खी भावंडे एकमेकांशी अर्जाच्या भाषेत बोलू लागतात.

प्रतिसाद ३

मी केवळ काटछाटीविषयी आणि थांबण्याविषयी लिहितो. काटछाट केली की कथा सुधारतेच, हा समज तितकासा खरा नाही. रेमंड कार्व्हर या अमेरिकी कथाकाराची एक कथा संपादकाने केलेल्या मोठ्या काटछाटीनंतर १९८१ च्या संग्रहात आली. १९८३ च्या संग्रहात कार्व्हर यांनी तीच कथा विस्तृत रूपात प्रसिद्ध केली. छोट्या रूपात शेवटी केवळ भीती उरते, विस्तृत रूपात दुःखी आईवडिलांना एका अनोळखी माणसाकडून अनपेक्षित आधार मिळतो. शब्द कमी-जास्त झाले आणि कथेचा अर्थच बदलला. म्हणून परिच्छेद काढताना आपण केवळ पाल्हाळ काढत आहोत की कथेतली माया काढत आहोत, हे स्वतःला विचारावे.

कथा वाचायला देताना ‘कशी वाटली?’ असे विचारू नये. ‘कुठे थांबावेसे वाटले?’ आणि ‘कोणत्या जागेवर विश्वास बसला नाही?’ असे विचारावे. दोन-तीन वाचकांनी एकाच जागी बोट ठेवले तर ती जागा निश्चित सदोष असते, जरी त्यांनी सुचवलेला उपाय आपल्याला पटला नाही तरीही. अमेरिकी कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी आपल्या एका कादंबरीचे शेवटचे पान ३९ वेळा लिहिल्याचे मुलाखतीत सांगितले होते, त्यामुळे संख्येची चिंता करू नये. मी आदल्या दिवशी बदललेला शब्द दुसऱ्या दिवशी पूर्ववत करू लागलो की कथा पाठवून देतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ लिहून पाहिली. दुसऱ्या दिवसाच्या चार प्रसंगांपैकी तीन प्रसंगांसमोर माझ्याकडून काहीच लिहिले गेले नाही. आश्चर्य म्हणजे भावाने वडिलांच्या आजारपणात केलेली सेवा बहिणीला ठाऊकच नव्हती, हे मी पाचव्या पानावर एका ओळीत सांगून मोकळी झाले होते, आणि दुराव्याचे खरे कारण तेच आहे. जुना खर्डा बाजूला ठेवून त्या ओळीचा प्रसंग आज नव्या फाइलमध्ये लिहायला घेतला आहे.