तारली की पेडवे? बर्फातला मासा ओळखायचा कसा

खाडीकाठ
रत्नागिरीच्या जेटीवर उतरणाऱ्या मासळीची जातवार नोंद ठेवायची आहे. एकाच टोपलीत तारली आणि पेडवे मिसळून येतात, सगळे १२ ते १५ सेंमी. तारलीच्या कुशीवर सोनेरी पट्टा असतो असं वाचलं होतं. बर्फातल्या माशावर तो दिसत नाही आणि दिसलाच तर पेडव्यावरही दिसतो. खवलेही निम्मे गळालेले असतात. अशा माशावर टिकणारी खूण कोणती? भिंग आणि टाचण्या आहेत, सूक्ष्मदर्शक नाही.

तिसरीशिंपी
पट्ट्याचा नाद सोडा. पेडवे ही एक जात नव्हे. फिंब्रिआटा, गिबोसा, अल्बेला असे सार्डिनेला या वंशातले (तारलीही त्यातलीच) बरेच भाऊबंद त्या नावाखाली विकले जातात आणि गिबोसाच्या कुशीवर सोनेरी रेघ असतेच.

खात्रीची खूण पोटाखालच्या परात, म्हणजे पोटाखालच्या जोडपंखात आहे. तारलीत (सार्डिनेला लॉन्जिसेप्स) त्याच्या काड्या ९ : पहिली न फुटलेली, पुढच्या ८ फाटे फुटलेल्या. या तिन्ही पेडव्यांत ८ : एक अधिक सात. मासा उताणा धरा, पर ओला करा, टाचणीने पसरून थर्मोकोलवर टोचा आणि मागून उजेड घ्या. मोजणी बुडाशी करायची. टोकाशी प्रत्येक काडीला फाटे असतात, तिथे मोजलं की आकडा फुगतो.

जाळंफेक
वरची खूण पक्की, पण पर फाटला असेल तर कल्ला उघडा. झाकण कात्रीने कापून कल्ल्याची पहिली कमान अख्खी काढा, पाण्यात धुवा आणि काळ्या कागदावर ठेवा. कमानीच्या खालच्या भागावर जे गाळणीचे केस असतात ते मोजायचे, वरच्या भागावरचे नाही. तारलीत ते १५० च्या वर जातात, फिंब्रिआटात साधारण ५४ ते ८२, गिबोसात आणखी कमी. सगळे मोजायची गरज नाही, १०० पार झाले की तारली लिहून थांबा.

एक मर्यादा मात्र आहे. तारली वाढते तशी या केसांची संख्याही वाढते. ८ सेंमीच्या खालच्या पिल्लाला हा आकडा लावू नका, तिथे परच बघा.

खाडीकाठ
एका माशाच्या डाव्या परात ८ आणि उजव्यात ९ आल्या. काय लिहू?

तिसरीशिंपी
बहुतेक वेळा डावीकडची पहिली काडी मोजायची राहिलेली असते. ती दुसरीला चिकटून बसते, दोन्ही मिळून एकच जाड काडी वाटते. टाचणीचं टोक दोघींच्या मधे घालून बघा. तरीही ८ च आल्या तर कल्ला तपासा. दोन्ही परांची मोजणी वेगवेगळी लिहून ठेवा, सरासरी काढू नका.

जाळंफेक
शेकडो मासे एकेक करून मोजणं परवडणार नाही, म्हणून आधी ढोबळ वाटणी करा. पेडव्यांत पाठीच्या पराच्या सुरुवातीशी काळा ठिपका असतो. तारलीत तो नसतो, तिचा काळा डाग कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला असतो. तारलीचं अंग लांबट, गोलसर आणि डोकं मोठं: तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या २९ ते ३५ टक्के. ही लांबी शेपटीच्या टोकापर्यंत घेतली तर टक्का उगाच घसरतो आणि तारली पेडव्यात जाते. अंगाच्या उंचीवरून मात्र ठरवू नका, दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात.

पागोळी
पोटाच्या कडेवरून बोट शेपटीकडून गळ्याकडे फिरवा. तारली-पेडव्यात करवतीसारखे दाते लागतात. पोट गुळगुळीत लागलं तर तो डसुमिएरिया (तारलीसारखाच दिसणारा वेगळा मासा), वेगळ्या रकान्यात लिहा. पाठीवर दोन पर आणि शेपटीआधी सुटे बारीक पर दिसले तर ते बांगड्याचं पिल्लू. बाकी, टोपलीतले मोठे मोठे उचलून मोजू नका. वरून, मधून, तळातून मूठभर घ्या, नाहीतर नोंदीत तारलीचं प्रमाण फुगलेलं येईल.