मदत हवी आहे: वाड्याचा गिलावा फुगतोय, तातडीचं

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचा जुना वाडा आहे. खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, वर वीट आणि चुन्याचा गिलावा. दाराच्या दोन्ही अंगांना चुन्यातली वेलबुट्टी आणि मोर. आता भिंतीला हात लावला की पापुद्रा सुटतो, उजव्या मोराचा पिसारा गळाला. कंत्राटदार म्हणतोय, सगळं खरवडून सिमेंट मारू. सोमवारी माणसं आणतोय. नक्षी जाऊ द्यायची नाही. काय लावू?

पाथरवट: फुगलंय कुठं? जोत्यापासून वर की छपराकडून खाली? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

रंगवाला: सिलिकॉनचे दोन हात मारा. राजारामपुरीत आमच्या बंगल्याला टिपूस आत येत नाही.

पाथरवट: बंगला सिमेंटचा आहे दादा. चुन्याच्या भिंतीवर तो थर दिला तर ओल आतच कोंडेल.

धागाकर्ता: जोत्याच्या लगेच वर, कमरेपर्यंत. पांढरी भुकटी येते. दगडाच्या दरजा, म्हणजे दोन दगडांमधल्या फटी, मागं एकदा सिमेंटनं भरून घेतल्यात, त्या मजबूत आहेत. त्यामुळं दगडाचं काही नाही.

पाथरवट: अहो, हे आधी सांगायचं! काळा दगड पाणी जवळजवळ पीतच नाही. जमिनीतली ओल दरजांमधल्या चुन्यातून बाहेर पडते. ती वाट सिमेंटनं बुजली, म्हणून ओल विटेत चढली. पाणी उडून जातं, क्षार गिलाव्यामागं राहतात, त्यांचे खडे वाढतात आणि गिलाव्याला बाहेर ढकलतात. वर पुन्हा सिमेंट मारलं तर ओल आणखी वर चढेल, नक्षीपर्यंत.

पेठकर: आपला न्यू पॅलेस राजवाडा बघा, 1877 ते 1884 चं काम, अजून कसा उभा आहे!

पाथरवट: तिथं दर्शनी बाजू घडीव दगडाची आहे. इथं प्रश्न गिलाव्याचा आहे.

पेठकर: राजवाड्याचा आराखडा इंग्रज वास्तुकार मेजर मँटचा. काम पुरं व्हायच्या आधीच, 1881 मध्ये तो वारला. टाउन हॉलही त्याचाच.

जागामालक: पेठेतल्या जागेला भाव चांगला आहे. बिल्डरला देऊन दोन फ्लॅट घ्या.

धागाकर्ता: वाडा द्यायचा नाही. चुन्यात गूळ-हिरडा घालायचा का, तेवढं सांगा.

चुनेगच्ची: घालायचाच! बेलफळाचा गरही. आमच्याकडं तसंच करत आलेत.

पाथरवट: गूळ-हिरडा नंतर. आधी दरजांतलं सिमेंट छिन्नीनं हलक्या हातानं काढा, दगडाचे काठ उडू देऊ नका. भिंत वाळू द्या, भुकटी कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. मग विरवून मुरवलेला चुना, चाळलेली वाळू, थोडी विटेची भुकटी. थर पातळ, वर ओलं गोणपाट. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, घाई केली तर तडकतो. नक्षीचे तुकडे जपून ठेवा, कागदावर ठसा घ्या. आणि छपराच्या पन्हाळीचं पाणी कुठं पडतं?

धागाकर्ता: उजव्या मोराच्या खाली, जोत्याच्या मुळाशीच. पहिल्यापासून तिथंच पडतं.

पाथरवट: सोमवारी माणसं येतायत ना? त्यांच्याकडून आधी ती पन्हाळ वळवून घ्या. गिलाव्याचं दिवाळीनंतर बघू.