बंद सूतगिरणीची शेड: भिंतींना लोणा, बिडाचे खांब, पोटमाळा... मदत हवी आहे

आम्ही मित्रांनी मिळून एक जुनी सूतगिरणीची शेड भाड्याने घेतलीये, सुतारकाम आणि मातीकामाचे स्टुडिओ काढायचेत. पाडून नवीन बांधा असं बरेच जण सुचवतात, पण विटा-लोखंड बनवताना जो कार्बन हवेत जायचा तो कधीच गेलाय, नवीन बांधून परत तेवढाच कशाला सोडायचा म्हणून आहे तेच वापरायचं.

अडचण भिंतींची. चुन्यातलं जाड वीटकाम आहे, पण खाली कंबरेपर्यंत कोणीतरी मागे सिमेंटचा गिलावा मारलाय आणि नेमका तिथेच लोणा लागलाय, पोपडा काढला की विटेची पूड हातात येते, आणि वरचा उघडा भाग मात्र ठणठणीत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळीकडे वॉटरप्रूफ सिमेंट मारून टाकू. शिवाय पोटमाळ्यासाठी बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) खांबांना ब्रॅकेट वेल्ड करणार, आणि करवतीच्या दात्यांसारखं जे नॉर्थ लाइट छप्पर आहे त्याच्या काचा फुटल्यात म्हणून तिथे पत्रे ठोकणार. बाकी छप्पर बहुतेक ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचं आहे, त्यावर सोलर बसेल का? कोणी असं काम केलंय का?

प्रतिसाद १:
कॉन्ट्रॅक्टरला आधी थांबवा! तुमच्या भिंतीनेच उत्तर दिलंय की. जमिनीतली ओल वीट वर ओढते आणि चुन्यातून ती बाहेर सुकते, सिमेंटने वाट बंद केली की पाणी आत अडकतं, क्षार विटेतच स्फटिक धरतात आणि विटेचा चेहरा उडतो. गिलावा हलक्या हाताने काढा, आधी बाहेरचं पाणी भिंतीपासून लांब काढा, भिंत नीट सुकू द्या (घाई नको, जाड भिंतीला महिनोन्महिने लागतात), मग विटांमधल्या दरजा चुन्यानेच भरा. आतून थर्माकोल चिकटवू नका, तोही ओल कोंडतो.

बीड दाबाला दणकट पण ताणाला कच्चं आणि ठिसूळ, साध्या वेल्डिंगने तडा जाऊ शकतो. पोटमाळा स्वतःच्या खांबांवर, स्वतःच्या पायावर वेगळा उभा करा. ब्राझीलमध्ये साओ पावलोला लिना बो बार्दी या वास्तुविशारद बाईंनी पिंपांच्या जुन्या कारखान्याचं सेस्क पोंपेया हे सांस्कृतिक आणि क्रीडा केंद्र केलं, १९८२ ला उघडलं, तिथे जुन्या शेडच्या आत वाचनालयाचे काँक्रीटचे मजले असेच स्वतंत्र उभे आहेत. फोटो बघाच.

मूळ धागाकर्ता:
धन्यवाद, पोटमाळ्याचं पटलं. पण काचांचं काय? नवीन बसवणं महाग पडेल.

प्रतिसाद १:
पडेल, तरी बुजवू नका. उत्तर गोलार्धात त्या काचा उत्तरेला असतात, थेट ऊन फारसं न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो, मातीकामाला याहून चांगलं काय हवंय. बुजवलंत तर दिवसाढवळ्या दिवे लावून बसाल. दोन-चार झडपा उघडणाऱ्या ठेवा, तापलेली हवा वरून निघून जाईल.

प्रतिसाद २:
सोलरचं राहिलं. ॲस्बेस्टॉस असेल तर त्यावर चढू नका, ड्रिल नको, प्रेशरने धुणं तर अजिबातच नको, तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. नमुना प्रशिक्षित माणसाकडून लॅबला द्या. निघाला तर पत्रे ओले करून, न फोडता, अख्खे उतरवणारी प्रशिक्षित टीम लागेल. मग नवीन छप्पर, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) तपासून, आणि सोलर त्यानंतर. आणि हो, मशिनखालची फरशी तेल प्यायलेली असेल तर तिच्याखालच्या मातीचीही तपासणी करून घ्या, भाडेकरार अजून पक्का झाला नसेल तर त्याच्या आधीच, म्हणजे सफाईचा खर्च मालकाशी बोलता येईल.