कर्तव्यांच्या पोस्टीत नवऱ्याचे श्लोक कुठं जातात?

अमळनेरची लेक
लग्नसराई सुरू झाली की आमच्या फॅमिली ग्रुपवर "पत्नीची शास्त्रोक्त कर्तव्ये" ही पोस्ट येतेच. काल चुलत सासऱ्यांनी टाकली, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. त्यात मनुस्मृतीचा ५.१५४, म्हणजे पाचव्या अध्यायातला १५४ वा श्लोक, नवरा वाईट चालीचा असो, बाहेरख्याली असो, अंगात एक गुण नसो, बायकोनं त्याला देवासारखंच मानायचं. श्लोक खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याच ग्रंथात ९.७४ आहे, कामासाठी परगावी निघणाऱ्यानं आधी बायकोच्या पोटापाण्याची सोय करावी मग घर सोडावं. हा कधी कुणी फॉरवर्ड केलेला मी तरी पाहिला नाही. माझ्या मावशीचा नवरा सुरतला गेला, अकरा महिने एक रुपया पाठवला नाही, मावशी दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची आणि घरी आल्यावर सासू विचारायची, उपास केला का गं त्याच्यासाठी? पतिव्रता धर्म तिला सगळ्या गावानं शिकवला, त्याला कुणी काही शिकवलं का? कन्यादानात "नातिचरामि", म्हणजे मी मर्यादा ओलांडणार नाही, हे तर नवराच म्हणतो ना?

जळगावकर काका
ताई, एका पोस्टीवरून सगळ्या परंपरेला नावं ठेवू नका. ९.१०१ वाचा, नवराबायको दोघांनीही मरेपर्यंत एकमेकांशी एकनिष्ठ राहावं हाच सगळ्या धर्माचा सार सांगितलाय, दोघांनी, एकटीनं नाही. सप्तपदीत सातव्या पावलाला तिला सखा म्हटलंय, दासी नाही. आमचे वडील आयुष्यभर पगाराचं पाकीट आईच्या हातात ठेवायचे. ९.११ मध्ये तेच आहे, पैसा सांभाळायचं आणि खर्चायचं काम बायकोकडे द्यावं. वडिलांनी काही वाचलं नव्हतं, घरातच तसं होतं.

धुळ्याचा भो
काका ८.२९९ पण सांगा ना मग. बायको चुकली तर दोरीनं नाहीतर बांबूच्या कांबीनं मारावं, आणि पुढच्या श्लोकात मारायचं कुठं तर पाठीवर, डोक्यावर नाही. तुम्ही दोघं चांगले चांगले श्लोक वेचून एकमेकांना दाखवताय. बाबासाहेबांच्या उपस्थितीत २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक जाळलं ते काय उगाच? बायकोला पैसे पाठवायला मनूची परवानगी कशाला लागते भो, माणुसकी पुरत नाही का?

अमळनेरची लेक
भाऊ, माझ्या सासऱ्यांना माणुसकी सांगितली तर ते म्हणतात तू फार शिकली. श्लोक सांगितला की गप्प बसतात. मला त्या घरात राहायचंय, तुम्हाला नाही.

रावेरची केळीवाली
सोन्याचं कुणीच बोललं नाही अजून. ८.४१६ ला म्हणे बायको, मुलगा आणि दास यांचं स्वतःचं धन नसतं, ती जे कमवेल ते मालकाचं. आणि ९.१९४ ला स्त्रीधनाचे सहा प्रकार मोजून दिलेत. मग माझं सोनं कुणाचं? माहेरच्या पाटल्या आणि पोत, नवऱ्यानं केळीच्या बागेत ठिबक टाकायला गहाण ठेवलं, जूनच्या वादळानं घड लागलेली बाग आडवी झाली, सोनं सराफाकडेच राहिलं. मला विचारलंसुद्धा नव्हतं, कपाटात डबी रिकामी दिसली तेव्हा कळलं.

जळगावकर काका
संकटात स्त्रीधन वापरायची मुभा याज्ञवल्क्यानं त्याच्या स्मृतीत दिलीय, दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण, कैद, यात घेतलं तर परत द्यायचं बंधन नाही. शेतीवरचं संकट हे घराचंच संकट. तुम्ही काय त्या बागेचं खात नव्हत्या का?

रावेरची केळीवाली
काका, तोंड सांभाळून बोला. त्या बागेत मी पण राबले, घड मी पण वाहिलेत. ठिबक टाकलं तेव्हा ना दुष्काळ होता ना कुणी आजारी, वादळ नंतर आलं. दुसरा स्मृतिकार कात्यायन काय म्हणतो तेही सांगा, बळजबरीनं स्त्रीधन खाल्लं तर व्याजासकट परत द्या आणि वर दंड भरा.

धुळ्याचा भो
कायदा बघा ना ताई, १९५६ च्या वारसा कायद्याचं कलम १४ आहे, १९८५ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन पूर्ण बाईचं, नवऱ्याकडे ते फक्त ठेव म्हणून. पोथ्या सोडा.

रावेरची केळीवाली
कोर्टात जाऊ मी नवऱ्यावर? दोन पोरं आहेत भाऊ. मला केस नको, पाटल्या पाहिजेत, आईच्या हातातल्या होत्या त्या.

धुळ्याचा भो
बरं, चुकलं माझं. ते एवढं सोपं नाही. पण ८.२९९ वर काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

जळगावकर काका
त्याला उत्तर नाही माझ्याकडे, तो श्लोक मी पोरांसमोर वाचत नाही. आणि आता विषय निघालाच आहे तर सांगतो, बोंडअळीनं कापूस गेला त्या वर्षी आमच्या हिच्या बांगड्या मी पण ठेवल्या होत्या. विचारून ठेवल्या, पण ती नाही कशी म्हणणार होती. अजून सोडवल्या नाहीत. तेवढं चुकलं, मान्य. शास्त्राला दोष देऊ नका पण.

अमळनेरची लेक
शास्त्राचं राहू द्या काका. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, काकू माहेरी जातील, त्याच्या आत बांगड्या आणा. मी पण आज ग्रुपवर ९.७४ टाकते, अर्थासकट, बघू किती हात जोडले जातात.