कॅमेरा नसला तरी चालतं
कॅमेरे नाहीत तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या पोरांसाठी फोटोग्राफीची कार्यशाळा घेऊन काय शिकवणार, असं कुणी म्हणतं, ते नाही पटलं. दापोलीजवळच्या हर्णै बंदरात संध्याकाळच्या मासळी लिलावात सूर्य समुद्राकडे असतो, तिकडे मोबाईल धरला की माणसं नुसती काळी येतात, तेव्हा चेहऱ्यावर बोट दाबून एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, लॉक करायचं हे साध्या स्मार्टफोनवरही शिकवता येतं. शिवाय पोरांच्या आत्या-मावश्याच टोपल्या घेऊन बसलेल्या, त्यांना कोण हाकलणार, आपल्यासारख्या बाहेरच्या फोटोवाल्यांना हाकलतात!

कार्यशाळेची वेळ मात्र मे महिन्याची नको, पर्यटकांच्या गर्दीत पोरं घरच्या कामात अडकलेली असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवणं चालू, तेव्हा पावसाची उघडीप बघून ठेवा. आणि लेन्सवर खार बसली तर सुक्या टीशर्टने पुसू देऊ नका, मिठाच्या कणांनी ओरखडे येतात, आधी ओलसर फडकं फिरवायचं.